कर्करोगाचे निदान आणि उपचारापूर्वीचे दिवस

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पिशोर येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असणे स्वाभाविक आहे. या रोगाचे नावही घरात उच्चारू नये, 'मोठी बिमारी' एवढेच दबक्या आवाजात म्हणावे, अशी आपल्याकडची रीत आहे. परंतु चार दानांत औषधदानाची गणना करणाऱ्या आणि आजाऱ्याच्या सेवेला, म्हणजे वैयावृत्त्याला, अंतरंग तपाचा दर्जा देणाऱ्या समाजाने आपल्या संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी हा विषय ऐकून घ्यावा, यात अनुचित काही नाही. विषयाची मर्यादा मात्र प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. रोग का होतो आणि कोणते औषध श्रेष्ठ, याची चर्चा येथे करावयाची नाही. बायोप्सीचा कागद हाती पडल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत जे दहा, वीस, क्वचित तीस दिवस जातात, त्या दिवसांचे काय करावे, एवढाच हा विषय आहे.

कल्पना करावी की, येथलेच एक घर आहे. घरातील पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या श्राविकेस स्तनात गाठ जाणवते. ती दुखत नाही, म्हणून दोन महिने ती कोणास सांगत नाही. पुढे जावेला सांगते. मग कन्नड, तेथून छत्रपती संभाजीनगर, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि अखेर सुईने काढलेला तुकडा, असा प्रवास होतो. आठ दिवसांनी अहवाल येतो. त्यात इंग्रजीत 'कार्सिनोमा' हा शब्द असतो. त्या रात्री दुकानाच्या मागच्या खोलीत घरातील कर्त्या पुरुषांची बैठक बसते आणि तीन निर्णय होतात. पहिला, तिला काही सांगायचे नाही. दुसरा, पर्युषण तोंडावर आले आहे, तिने अठाई करण्याचा संकल्प सोडला आहे, तेवढे पार पडू द्यावे. तिसरा, कोणा नातेवाइकाने सांगितलेल्या गावी एक जण 'हमखास' औषध देतो, ते महिनाभर देऊन पाहावे.

हे तिन्ही निर्णय प्रेमापोटी झालेले असतात. तिन्हींमध्ये दिवस मात्र जातात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात २०२० साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सात प्रकारच्या कर्करोगांविषयीचे ३४ अभ्यास आणि सुमारे १२ लाख ७० हजार रुग्ण त्यात विचारात घेतले होते. उपचार चार आठवड्यांनी लांबला तर मृत्यूचा धोका साधारणतः ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. म्हणजे पर्युषण, मग पितृपक्ष, मग कापसाची वेचणी, मग दिवाळी अशा एकेका कारणाने जो काळ निघून जातो, त्याची किंमत मोजता येते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अहवाल आला त्याच रात्री गाडी काढून मुंबई गाठावी, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख मागावी, अशी घाई बहुतेक कर्करोगांत आवश्यक नसते. रक्ताचा तीव्र कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, श्वासाचा किंवा अन्नाचा मार्ग बंद होणे, अशा प्रसंगी तासांचा हिशेब असतो. एरवी पूर्ण तपासण्या, रोगाची अवस्था ठरविणे आणि उपचाराची आखणी यांसाठी लागणारे दोन-तीन आठवडे वाया गेले असे कोणताही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. किंबहुना त्याच दिवसांत रुग्णाने आणि घराने केलेली तयारी पुढच्या सहा-आठ महिन्यांच्या उपचाराला उपयोगी पडते.

या तयारीचा आरंभ रुग्णाला सांगण्यापासून होतो. येथे अनेकांचा मतभेद असेल. 'तिला सहन होणार नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. परंतु विचार करावा. जिच्या रक्ताचे नमुने चार वेळा घेतले जातात, जिला कर्करोग रुग्णालयाच्या फाटकातून आत नेले जाते, जिच्या शेजारी केस गेलेले रुग्ण बाकावर बसलेले असतात, तिला काहीच कळत नाही असे समजणे हा घरच्यांचा भोळेपणा आहे. तिला कळते, आणि घरच्यांना ते बोलायचे नाही हेही कळते. मग ती आपली भीती एकटीनेच सांभाळते. शिवाय शस्त्रक्रियेचे संमतिपत्र कोणाच्या नावाने भरावयाचे? किमोनंतर कोणता त्रास होतो हे तिला ठाऊक नसेल, तर ताप आला असता ती सांगेल कशी? सर्व एकाच बैठकीत सांगावे असे नाही. ती विचारील तेवढे खरे सांगावे, न विचारलेले लादू नये आणि खोटे मात्र एकही सांगू नये. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगितलेले बरे, कारण अर्धवट कानी आलेल्या गोष्टींची मुले फार भयंकर जुळणी करतात. या रोगाविषयी उघडपणे बोलण्याचे एक सर्वपरिचित उदाहरण महाराष्ट्रात आहे. शरद पवार यांना २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि त्याच वर्षी केंद्रीय कृषिमंत्रिपदाचे कामही त्यांनी सांभाळले. आपल्या तंबाखू-सुपारीच्या सवयीविषयीची खंत त्यांनी पुढे अनेक व्यासपीठांवरून बोलून दाखविली. राजकारण कोणाचे कोणतेही असो, आजार न लपविल्याने मनुष्य लहान होत नाही हे त्यातून दिसले.

दुसरी तयारी कागदांची. हा भाग रुक्ष वाटेल, पण सर्वाधिक खेपा याच्याच अभावी होतात. बायोप्सी ज्या प्रयोगशाळेत झाली तेथे केवळ अहवाल मागून चालत नाही. तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाईड, आणि तो तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ठोकळा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, हे दोन्ही मागून घ्यावेत. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासले जातात. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांशी संबंधित इआर, पीआर आणि तसेच हर-टू या तपासण्या त्याच ब्लॉकवरून होतात व औषधांची निवड त्यांवर अवलंबून असते. ब्लॉक पिशोरच्या घरी कपाटात राहिला आणि रुग्ण परळला पोहोचला, तर एक आठवडा असाच जातो. सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावावेत, त्यांच्या छायाप्रती वेगळ्या ठेवाव्यात, सीटी स्कॅनची केवळ फिल्म न घेता सीडीही मागावी. एका शंभरपानी वहीत रुग्ण रोज घेत असलेली औषधे लिहावीत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असतील. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील तर त्या शस्त्रक्रियेपूर्वी केव्हा थांबवायच्या हे डॉक्टरांनाच ठरवावे लागते. वैद्याचा काढा, भस्म, गावठी औषध चालू असेल तर तेही त्याच वहीत यावे. ते लपविण्याने कोणाचाच मान राखला जात नाही. काही औषधांचा यकृतावर परिणाम होतो आणि किमोच्या मात्रेचा हिशेब त्यामुळे चुकू शकतो. जो मनुष्य 'कर्करोग हमखास बरा करतो' अशी जाहिरात करतो, त्याच्याविषयी एवढे माहीत असावे की, अशा जाहिरातीस १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

त्याच वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहून न्यावेत. खोलीत गेल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव. रोग कोणत्या अवस्थेत आहे? उपचाराचा हेतू रोग समूळ काढणे हा आहे की तो आटोक्यात ठेवणे हा? आधी शस्त्रक्रिया की आधी किमो? किती पाळ्या, किती दिवसांच्या अंतराने? एकूण खर्चाचा अंदाज लेखी मिळेल का? लग्न व्हावयाचे किंवा अपत्य व्हावयाचे राहिले आहे अशा तरुण रुग्णाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न संकोच बाजूला ठेवून पहिला उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारला पाहिजे. काही औषधांनी प्रजननक्षमता बाधित होते आणि ती जपण्याचे मार्ग उपचाराआधीच अवलंबावे लागतात.

उपचार कोठे घ्यावेत? मराठवाड्यातील मागच्या पिढीला या प्रश्नाचे एकच उत्तर ठाऊक होते, ते म्हणजे 'टाटा'. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली परदेशात निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. एका खासगी दुःखातून उभी राहिलेली ही सार्वजनिक संस्था आहे, हे विश्वस्त संस्थेच्या महोत्सवात आठवणे योग्यच होय. आज मात्र प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ग्रामीण भागात कित्येक वर्षे कार्यरत आहे. छत्रपती संभाजीनगर येथे आमखास मैदानाजवळ २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. टाटा मेमोरियलच्या सहकार्याने ते वाढत गेले आणि राज्य कर्करोग संस्था म्हणून मान्यता पावले. शस्त्रक्रिया, किमो, किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणे' म्हणतात, हे तिन्ही तेथे होतात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. मध्येच खंड पडला तर परिणाम कमी होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर संपूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावा असा दंडक आहे. एवढे दिवस मुंबईत बिऱ्हाड करणे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकाकडे राहणे यांत केवढे अंतर आहे, हे सांगावयास नको. मोठ्या ठिकाणी एकदा तपासून आखणी करून घ्यावी आणि प्रत्यक्ष उपचार जवळ घ्यावेत, हा मार्गही पुष्कळदा मोकळा असतो. तो विचारावा लागतो. मुंबईस राहणे अपरिहार्यच असेल, तर दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांची माहिती निघण्यापूर्वी काढावी. तेथेही जागेसाठी थांबावे लागते.

पैशाविषयी थोडक्यात. शेत किंवा दागिना विकण्याचा निर्णय पहिल्या आठवड्यात घेऊ नये. राज्य शासनाची जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला प्रथम भेटावे. अडते कोठे, तर शिधापत्रिकेवर नाव एक आणि आधारवर दुसरे असते, किंवा सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेले असते. हे दुरुस्त करण्याची वेळ म्हणजेच हे तयारीचे दिवस. न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्यात, अशी उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना आहे. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण आणि सोबत्यास पाऊण भाडे माफ असते. रुग्णालयाचा दाखला मात्र जवळ हवा. एस. टी. मध्येही सवलत आहे.

आता शरीराच्या तयारीकडे वळू. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात लाईट देण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाणे अत्यावश्यक आहे, आणि नेमके हेच बहुधा राहून जाते. किरणांनी लाळ आटते, दात किडतात, आणि उपचारानंतर दात काढावा लागला तर जबड्याचे हाड भरून येत नाही. म्हणून काढण्यासारखे दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. त्यासाठी दोन-तीन आठवडे धरावेत. तंबाखू, मशेरी, गुटखा यांविषयी बोलावयाचे तर गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे येथे हसू न येता सांगणे कठीण आहे. निदानानंतर 'आता सोडून काय उपयोग' असे म्हटले जाते. उपयोग आहे. उपचार चालू असताना तंबाखू चालू राहिली तर किरणांचा परिणाम उणावतो आणि जखमा भरण्यास वेळ लागतो. सुपारीची गोष्ट आपल्या समाजास अधिक जवळची आहे. व्यसनापासून कटाक्षाने दूर असलेल्या घरांतूनही स्वामीवात्सल्यानंतर सुपारीचे तबक फिरते. नुसती सुपारीदेखील, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तबक फिरविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रक्तातील साखर आटोक्यात आणणे, हिमोग्लोबिन वाढविणे, रोज झेपेल तेवढे चालणे, शस्त्रक्रियेपूर्वी तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करणे, ही सर्व कामे घरच्या घरी होण्यासारखी आहेत. वजन टिकविणे हे त्यांतले मुख्य. किमोची मात्रा उंची-वजनावरून ठरते; ढासळणारे शरीर पूर्ण मात्रा पेलू शकत नाही आणि पाळी पुढे ढकलावी लागते.

येथेच आपल्या आचारधर्माचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपवास, आयंबिल, एकासणा, चौविहार ही आपल्या घरांतली रोजची भाषा. निदान झालेल्या श्राविकेच्या मनात दोन विचार येतात. एक, हा पूर्वकर्मांचा उदय आहे, तो तपानेच क्षीण होईल. दुसरा, उपचारांत रात्री औषध, रात्री पाणी घ्यावे लागेल आणि आजवर सांभाळलेले व्रत मोडेल. या दुसऱ्या विचाराने कासावीस झालेल्या वृद्धांची कासाविशी खरी असते. 'आता कसले नियम' असे मुलाने फटकन म्हणून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वैद्यकाचे म्हणणे स्पष्ट आहे. तोंड, घसा, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगात किरणांसोबत सिसप्लॅटिन हे औषध वारंवार वापरले जाते. ते मूत्रपिंडांस बाधक असल्याने त्या दिवसांत भरपूर पाणी पोटात जावे लागते. अशा वेळी चौविहार उपवास म्हणजे मूत्रपिंडांना उघड धोका. वेदनाशामक मॉर्फिन दर चार तासांनी द्यावे लागते. सूर्यास्तासाठी वेदना थांबत नाही. किमोच्या काळात अठाई, मासखमण यांचा विचारही करू नये.

शास्त्राचे म्हणणे काय आहे? श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाणाच्या पाठातच काही आगार, म्हणजे अपवाद, सांगितलेले आहेत. त्यांत सर्वसमाधीसाठीचा आगार आहे. तीव्र पीडेने चित्ताची समाधी भंग पावत असेल, तर तिच्या रक्षणार्थ औषध घेतल्याने पच्चक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय सांगितला जातो. व्रत देणाऱ्यांनीच ही वाट ठेवली आहे. ती आजच्या डॉक्टरांनी शोधलेली नाही. म्हणून तयारीच्या दिवसांत एक भेट गुरुमहाराजांची वा महासतीजींचीही असावी. डॉक्टरांचे वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवावे आणि रुग्णाने कोणती मर्यादा पाळावी, कशाला आगार धरावा, हे त्यांच्याच मुखाने रुग्णास ऐकू द्यावे. मुलाच्या दहा विनवण्यांनी जे होत नाही ते या एका वाक्याने होते. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिनविषयीही शंका असते. पर्यायी गोळी आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

याहून नाजूक विषय संथाऱ्याचा, सल्लेखनेचा. एखाद्या घरात वयस्कर व्यक्ती निदान ऐकताच म्हणते, 'मला उपचार नकोत, संथारा द्या.' २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने या प्रथेविरुद्ध दिलेल्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली, हे सर्वांस स्मरत असेल. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेचे जे प्रसंग सांगितले आहेत, त्यांत रोग आहे, परंतु तो निष्प्रतीकार, म्हणजे ज्यावर उपायच उरलेला नाही असा. आपल्याच मराठवाड्यात, कुंथलगिरी येथे, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावल्याने मुनिधर्माचे अहिंसापूर्वक पालन अशक्य झाले, हे त्यामागचे कारण होते. दीर्घ साधनेनंतरचा तो निर्णय आणि अहवाल हाती आल्या रात्री भयाने उच्चारलेला शब्द यांची तुलना होऊ शकत नाही. प्रारंभीच्या अवस्थेतील स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग निष्प्रतीकार नाही. पुष्कळ स्त्रिया बऱ्या होऊन पुढे नातवंडे खेळवितात. 'मला उपचार नकोत' यामागे कित्येकदा मुलांच्या खर्चाची काळजी असते. ते आधी ओळखावे, आणि वयस्कर व्यक्तीशी त्या खर्चाविषयीच मोकळेपणाने बोलावे. रोग सर्व उपायांपलीकडे गेला असेल, तर बोलणे वेगळे. तेव्हाही वेदनाशमनाची सोय करणे हे घरच्यांचे कर्तव्य उरतेच.

ग्रामीण स्त्री तपासणीला आणि उपचाराला येणारच नाही, असे एकेकाळी गृहीत धरले जाई. ज्या जिल्ह्यात कुंथलगिरी आहे त्याच धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या रुग्णालयाने व टाटा मेमोरियलने जागतिक संस्थेच्या साहाय्याने खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. विषाणूची केवळ एकदा तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे आले. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच गावांतल्या होत्या. सांगणारे आणि सोबत नेणारे कोणी असले, तर बाई येते.

आहाराविषयी आपल्या चुलीवरच पुष्कळ काही आहे. उकळलेले पाणी आणि त्याच दिवशी शिजविलेले ताजे अन्न ही आपली जुनी शिस्त, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णास डॉक्टर हीच सांगतात. प्रथिनांसाठी मुगाची डाळ, दूध, पनीर, भुईमूग आहेत. आयंबिलाचे अळणी, कोरडे अन्न या काळात पुरणार नाही. मळमळीवर लोक आले चघळायला सांगतात. कन्नड तालुक्यातून अद्रकाच्या गाड्या भरून जातात, आपल्यातील कित्येक जण त्याचा व्यापार करतात, पण कंदमूळ म्हणून ते ताटात घेत नाहीत. सुंठ मात्र चालते, आणि चिमूटभर सुंठ कित्येकांना बरी वाटते. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालतात. ती नळी म्हणजे शेवट आला, अशी समजूत आहे. वस्तुतः ती उपचार पुरा करता यावा म्हणून असते आणि काम झाले की काढली जाते.

केसांविषयी. काही औषधांनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस जातात. आधीच केस आखूड केले, तर उशीवर पडलेल्या लांब केसांचा धक्का थोडा कमी होतो. ओढणी, पदर, टोप जे तिला हवे ते तिने निवडावे. आपल्याकडे एखादी हितचिंतक बाई तिला केशलोचाची उपमा देऊन धीर देऊ पाहील. तो मोह आवरावा. लोच स्वेच्छेने आणि वैराग्याने होतो; हिचे केस तिला न विचारता गेलेले असतात.

विचारपुशीस येणाऱ्यांची रीघ ही मराठवाड्याची माया आहे, तशीच अडचणही. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत प्रतिकारशक्ती खालावते. त्या आठवड्यात दहा माणसे खोलीत बसू नयेत, आणि ज्याला सर्दी आहे त्याने दारातूनच परतावे. हे घरच्या सुनेने सांगितले तर ती उद्धट ठरते. संस्थेच्या वा संघाच्या एखाद्या वडीलधाऱ्याने ही जबाबदारी घेतली तर कोणाला राग येणार नाही.

आणि शेवटी ज्याला दीडशे-दोनशे रुपयांहून अधिक खर्च नाही अशी एक वस्तू, थर्मामीटर. पहिल्या किमोच्या आधी ते घरात आले पाहिजे आणि घरातील दोघांना तरी ते वाचता आले पाहिजे. किमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर ती रात्र घरी काढावयाची नसते. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहावयाची नसते. तडक रुग्णालयात जावयाचे असते, कारण पांढऱ्या पेशी नसताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. पिशोरहून शहराचा रस्ता रात्री दोन वाजता कसा असतो, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून कोणाची गाडी, कोण चालविणार, त्याचा मोबाइल रात्री चालू असतो का आणि रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक कोणता, हे चार तपशील आधीच एका कागदावर लिहून थर्मामीटरशेजारी भिंतीवर लावावेत. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्यासाठी गाडी देणाऱ्या पाच-सहा जणांची नावे संस्थेच्या कार्यालयात महिन्याच्या पाळीने लिहिलेली असावीत. वही आणावयास फार तर वीस रुपये लागतील. पहिले नाव आज सभा संपल्यावर बाहेरच्या टेबलावर लिहिता येईल.